दोन मजले, एक घर

दुमजली घराचा नकाशा घरच्यांच्या हातात येतो तो दोन कागदांवर. एकावर तळमजला, दुसऱ्यावर पहिला मजला. रात्रीची जेवणं झाली की हे कागद सतरंजीवर पसरले जातात आणि बोलणी सुरू होतात. हॉल अजून दोन फूट वाढेल का, देवघर कुठे येईल, मुलांच्या खोलीला बाल्कनी काढता येईल का. प्रत्येक प्रश्न रास्त असतो, पण तो बहुतेक वेळा एकाच कागदापुरता असतो. खालच्या मजल्याचं समाधान झालं की तो कागद बाजूला ठेवून वरचा उचलला जातो. दुमजली घराच्या सगळ्यांत महागड्या चुका मात्र या दोन कागदांच्या मधल्या जागेत असतात. जिना, सांडपाण्याचे पाइप, भिंतींचं ओझं, छतातून उतरणारी उष्णता आणि घरातली माणसं, या पाच गोष्टी दोन्ही मजल्यांतून जातात आणि त्यांतली एकही एका कागदावर पूर्ण दिसत नाही. म्हणून नकाशा पक्का करण्याआधी खोल्यांची मापं काही दिवस बाजूला ठेवावीत आणि आधी या पाच गोष्टींचा हिशेब लावावा. तो लागला की खोल्या आपोआप जागेवर बसू लागतात. तो लागला नाही, तर कितीही मोठी खोली पुढे कुठेतरी अडचण करते.

सुरुवात जागेच्या गणिताने करू, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. आपल्याकडच्या गावठाणाबाहेरच्या वसाहतींत ३० बाय ४० फुटांचा, म्हणजे १२०० चौरस फुटांचा प्लॉट नेहमी आढळतो. गुंठ्याच्या भाषेत तो एका गुंठ्याहून, म्हणजे १०८९ चौरस फुटांहून, थोडा मोठा. नियमाप्रमाणे चारी बाजूंनी सोडायची जागा वजा केली आणि घराचं बाहेरून माप २४ बाय २८ फूट धरलं, तर एका मजल्याला ६७२ चौरस फूट मिळतात. आता यातून बाहेरच्या नऊ इंची भिंती वजा करा. त्या एकट्याच सुमारे ७६ चौरस फूट खातात. आतल्या साडेचार इंची भिंती पन्नास फूट लांबीच्या धरल्या तरी आणखी एकोणीस जातात. जिन्याला ८० ते ८५ चौरस फूट लागतात. शेवटी फिरायला, झोपायला, रांधायला उरतात सुमारे ४९५ चौरस फूट, म्हणजे ६७२च्या तीन चतुर्थांशापेक्षाही थोडे कमी. घरच्यांच्या मनातलं घर ६७२ फुटांचं असतं आणि राहायला मिळतं ते ४९५ फुटांचं. हा फरक आधीच कळला, तर पुढची प्रत्येक मागणी कशाच्या बदल्यात करायची हेही कळतं.

या वजाबाकीत भिंतींनंतर सगळ्यांत मोठा वाटा जिन्याचा आहे, आणि त्याच्यावरच सगळ्यांत कमी विचार होतो. खोल्या ठरल्यावर उरलेल्या कोपऱ्यात जिना बसवला जातो. कोपरा लहान असला की पायऱ्या उभ्या होतात. खरं तर जिन्याचं माप मर्जीवर नसतं, ते पावलावर ठरतं. एका मजल्याच्या फरशीपासून दुसऱ्या मजल्याच्या फरशीपर्यंत उंची दहा फूट, म्हणजे १२० इंच धरली आणि पायरी सात इंच उंच ठेवली, तर सतरा चढ लागतात. पाऊल टेकायला दहा इंच जागा आणि दीड-दोन फुटांचा विचार न करता तीन फूट रुंदी दिली, तर मध्ये वळणाऱ्या जिन्याला साधारण साडेसहा बाय पावणेतेरा फूट जागा हवी. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच आणि कमीत कमी २५ सेंटिमीटर खोल असावी असं आहे. ही शेवटची मर्यादा आहे, आदर्श नव्हे. पायरीची उंची दुप्पट करून त्यात पाऊल टेकायची जागा मिळवली, तर बेरीज चोवीस-पंचवीस इंचांच्या आसपास यावी, हा जुना आडाखा आजही खरा ठरतो. जुन्या वाड्यांत भिंतीच्या पोटातले अरुंद, उभे, अंधारे जिने पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या जिन्यांवर दोरखंड धरून चढणारी माणसं तरुण असेपर्यंतच वरच्या मजल्यावर राहत.

जिन्याखालच्या जागेचाही मोह आवरायला हवा. वळणाचा जिना नवव्या चढाला लँडिंगवर पोचतो, म्हणजे लँडिंग जमिनीपासून सुमारे पाच फूट तीन इंचांवर येतं. त्यातून स्लॅबची जाडी वजा केली की खाली पावणेपाच फुटांचीच उंची उरते. नकाशावर मात्र तिथे ‘टॉयलेट’ असं सुबक अक्षरांत लिहिलेलं असतं, कारण नकाशा वरून पाहिलेला असतो आणि वरून पाहताना डोकं कुठे आपटेल ते दिसत नाही. तिथे संडास हवाच असेल, तर पहिली फेरी लांब करून लँडिंग वर न्यावं लागेल. त्यासाठी जिन्याची लांबी वाढवावी लागेल आणि ती फूटपट्टीने आधी मोजावी लागेल. नाहीतर ती जागा इन्व्हर्टर, चपला-बूट, पाण्याचा पंप आणि जास्तीचं सामान यांना सुखाने द्यावी. कोणत्याही जिन्याचा उभा छेद, म्हणजे घर मधोमध कापून बाजूने पाहिल्यासारखं चित्र, आर्किटेक्टकडून मागून घ्यावं. दोन सपाट नकाशे जे लपवतात ते हे एक चित्र दाखवतं.

जिना कुठे असावा, या प्रश्नाचं उत्तर आजच्या सोयीपेक्षा पुढच्या वीस वर्षांवर अवलंबून आहे. हॉलच्या मधोमध वर जाणारा जिना देखणा दिसतो, पण तो वरच्या मजल्याचा रस्ता हॉलमधून काढतो. पाहुणे बसलेले असताना मुलांचे मित्र तिथूनच वर जाणार, फोडणीचा वास आणि टीव्हीचा आवाजही त्याच मोकळ्या जागेतून वर चढणार. जिना पूर्ण घराबाहेरून काढला, तर पावसात भिजत आणि रात्री कुलूप उघडत वर जावं लागतं. या दोन्हींमधला मार्ग असा की जिना मुख्य दारालगतच्या छोट्या दालनातून निघावा. आज ते दालन घराचाच भाग असेल. उद्या एक भाऊ वर आणि एक खाली राहू लागला, मुलं परगावी गेली आणि वरचा मजला भाड्याने द्यायची वेळ आली, तर आतल्या एका उंबऱ्यावर दार बसवलं की दोन स्वतंत्र घरं तयार होतात. दाराची ती जागा नकाशात आजच राखून ठेवली, तर पुढे भिंत फोडावी लागत नाही. एकत्र राहण्याची इच्छा आणि वेगळं होण्याची शक्यता, दोन्हींचा मान एका जिन्याच्या जागेने राखता येतो.

जिन्यानंतर पाणी. वरचा कागद खालच्या कागदावर ठेवून उजेडासमोर धरा आणि ज्या ज्या ठिकाणी पाणी सांडतं त्या जागा निळ्या पेन्सिलीने रंगवा. बाथरूमवर बाथरूम, स्वयंपाकघराच्या मोरीवर वरची धुण्याची जागा, असं निळ्यावर निळं आलं तर नकाशा चांगला आहे. निळा ठिपका हॉलवर, देवघरावर किंवा खालच्या झोपायच्या खोलीवर आला, तर थांबावं. वरच्या बाथरूमखाली स्लॅब नऊ ते बारा इंच उतरवावा लागतो. साइटवर त्याला संकन स्लॅब म्हणतात. हॉलच्या छताला तो पोटासारखा लोंबतो आणि गळती सुरू झाली की पहिला ओला डाग तिथेच उमटतो. अंतराचाही हिशेब असतो. कमोडपासून डक्टपर्यंत, म्हणजे उभे पाइप उतरतात त्या पोकळीपर्यंत, जाणाऱ्या चार इंची पाइपाला चाळीसास एक इतका उतार धरला, तर दहा फुटांच्या अंतरात पाइप तीन इंच खाली जातो. म्हणजे बाथरूम डक्टपासून जितकं लांब तितका स्लॅब जास्त खोल, भराव जास्त आणि तुंबण्याची भीतीही जास्त. डक्ट बाहेरच्या भिंतीला असावी, तिच्यात माणूस उभा राहून पाना फिरवू शकेल एवढी जागा असावी, आणि तिचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नसावं. गच्चीवरच्या टाकीचाही विचार इथेच करायचा. हजार लिटर पाण्याचं वजन एक टन होतं. ती टाकी स्लॅबच्या मधोमध न ठेवता कॉलमच्या डोक्यावर बांधलेल्या चौथऱ्यावर ठेवावी, आणि तो चौथरा पाण्याच्या डक्टजवळ आला तर पाइपांची लांबीही वाचते.

याला एक आक्षेप हमखास येतो. वरची बाथरूम खालच्या बाथरूमच्याच डोक्यावर ठेवायची, तर वरच्या मजल्यावर मनासारखी रचना करायचं स्वातंत्र्य राहतं कुठे? आक्षेप खरा आहे, पण त्यातली भीती अवाजवी आहे. बंधन एका कोपऱ्याचं असतं, सगळ्या मजल्याचं नसतं. चौकोनी घराचा एक उभा पट्टा जिना, बाथरूम आणि मोरी यांना दिला की बाकीची तीन चतुर्थांश जागा पूर्ण मोकळी राहते. उलट पाणी तीन ठिकाणी विखुरलं, तर खोल्या त्या तीन जागांमध्ये अडकतात. एक बंधन आधी स्वीकारलं की पुढची दहा टळतात.

भिंतींचंही तसंच. नऊ इंच जाड आणि दहा फूट उंच विटांच्या भिंतीचं वजन दर फुटामागे सुमारे चारशे किलो भरतं. दहा फूट लांबीची अशी भिंत म्हणजे चार टन. ती खालच्या भिंतीवर किंवा बीमवर आली तर ओझं सरळ पायापर्यंत उतरतं. ती खालच्या हॉलच्या मधोमध आली, तर तिला पेलायला खाली जाड बीम द्यावा लागतो आणि हॉलच्या छतावर फूटभर, दीड फूट लोंबणारी एक आडवी पट्टी कायमची दिसत राहते. हे घडतं ते बहुधा एका साध्या हौसेपायी. वरच्या बेडरूमला पुढे टेरेस हवा म्हणून तिची भिंत तीन फूट आत ओढली जाते आणि ती अधांतरी येते. टेरेस काढू नये असं नाही. खालच्या हॉलची मधली भिंत किंवा बीमही त्याच रेषेत आणता येतो का, ते आधी पाहावं. आणला तर टेरेस मिळतो आणि छतही स्वच्छ राहतं. खालचा कॉलम वर गायब होणं एक वेळ चालेल, पण वरचा कॉलम खाली नसून बीमवर उभा करणं हा धोका घरासाठी घेऊ नये. १९६७ साली कोयना आणि १९९३ साली किल्लारी अनुभवलेल्या राज्यात घर हलेल तेव्हा ओझं कुठून कुठे जाईल, हा प्रश्न प्रत्येक नकाशाला विचारायलाच हवा. म्हणून खोल्यांची अदलाबदल चालू असतानाच स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवावा. सगळं ठरल्यावर त्याच्याकडे फक्त लोखंड मोजायला जाऊ नये.

चौथी गोष्ट ऊन आणि वारा. महाराष्ट्र पूर्णपणे उष्ण कटिबंधात येतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. पुण्यात मेच्या मध्याला तो दिवस असतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. उन्हाळ्यातलं सगळ्यांत प्रखर ऊन भिंतींपेक्षा गच्चीवर पडतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो, आणि बहुतेक नकाशांत झोपायच्या सगळ्या खोल्या नेमक्या त्याच्याच खाली ठेवलेल्या असतात. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात उन्हाळ्याच्या रात्री याचा चटका बसतो. दुसरा मारा पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारनंतरच्या तिरप्या उन्हाचा. छज्जा हे ऊन अडवू शकत नाही, कारण ते छज्ज्याच्या खालून आत शिरतं. म्हणून ज्या उभ्या पट्ट्यात जिना, बाथरूम आणि कपाटं ठेवायची, तो पट्टा शक्य तर पश्चिमेला किंवा नैऋत्येला द्यावा. तिथे माणूस फार वेळ थांबत नाही आणि मागच्या खोल्यांना एक जास्तीची ढाल मिळते. जिन्याच्या माथ्यावर उघडता येणारी खिडकी ठेवली, तर घरातली गरम हवा जिन्यातून वर चढून तिथून बाहेर पडते. आधी जो जिना फक्त जागा खाणारा वाटला, तोच घराचं धुराडं होऊन श्वास घेतो. खिडक्यांच्या बाबतीत हवामानाप्रमाणे मोजमाप बदलतं. राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या, उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि दमट, उष्ण हवेत किमान एक षष्ठांश उघडी जागा सांगते. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला अकोल्यात १२ फूट पुरतील, पण रत्नागिरीत २० हवेत. कोकणात पाऊस वाऱ्याबरोबर नैऋत्येकडून आडवा येतो, म्हणून त्या बाजूला खोल पडवी किंवा लांब पागोळ्याचं छप्पर हवं. सपाट गच्चीचा पुण्यातला नकाशा जसाच्या तसा चिपळूणला बांधला, तर दर पावसाळ्यात ओल भिंतीतून आत येत राहील.

आता पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे माणसं. दुमजली घराला लावायची एक कसोटी अशी: जिना आजपासून बंद झाला असं समजा. तळमजल्यावर एका माणसाचं किंवा एका जोडप्याचं पूर्ण आयुष्य चालेल का? झोपायची खोली, तिला लागून संडास-बाथरूम, स्वयंपाकघर आणि बाहेर जायचं दार, एवढं खाली असेल तर घर उत्तीर्ण. गुडघ्याचं दुखणं, मोडलेला पाय, बाळंतपण, शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने, आई-वडिलांचं म्हातारपण, यांतलं काहीतरी प्रत्येक घरात येतंच. ते सांगून येत नाही आणि आलं की जिन्याला विचारत नाही. आपल्या ४९५ फुटांत हे बसतं. बारा बाय सोळाचा हॉल, दहा बाय अकराची खोली, आठ बाय दहाचं स्वयंपाकघर आणि चार बाय साडेसातचं बाथरूम धरलं तरी जेवणाची जागा, वाट आणि देवघर यांना ऐंशीच्या आसपास फूट उरतात. या खालच्या बाथरूमचं दार नेहमीप्रमाणे अडीच फुटांचं ठेवू नये. चौकट वजा केल्यावर उरलेल्या जागेतून व्हीलचेअर जात नाही. तीन फुटांचं दार आज काहीच जास्त मागत नाही आणि उद्या सगळं देतं. जोतं दोन फूट उंच असेल तर सुखाने चढता येईल अशा एकास बारा उताराला चोवीस फूट लांबी लागते. घराच्या बाजूला सोडलेल्या जागेतून तेवढी वाट निघेल का, हे आजच मोजावं. पुढे लिफ्ट लागेल असं वाटत असेल, तर दोन्ही मजल्यांवर एकावर एक येतील अशा पाच बाय पाचच्या दोन कोठड्या काढाव्यात आणि मधल्या स्लॅबला भोवती बीम देऊन ठेवावेत. तोवर त्या सामानाच्या खोल्या म्हणून उपयोगी पडतात.

यावर तरुण जोडप्यांचा आक्षेप असतो. आज खाली खोली काढली तर हॉल लहान होतो आणि सणासुदीला, लग्नकार्याला माणसं बसणार कुठे? हा प्रश्न मनापासूनचा असतो, कारण आपल्याकडे घर माणसांनी भरलेलं असणं हेच घराचं वैभव मानतात. पण कार्याचे दिवस वर्षातून मोजके आणि साध्या दिवसांची संख्या साडेतीनशे. साध्या दिवसांसाठी घर बांधावं आणि कार्याच्या दिवशी ते वाढवता यावं, अशी रचना करता येते. हॉल आणि खालची खोली यांच्यामध्ये पूर्ण भिंतीऐवजी सहा फुटांचं चार फळ्यांचं दार ठेवलं, तर गौरी-गणपतीला दोन्ही जागा एक होतात. ओसरी आणि पडवी जुन्या घरांत हेच काम करत असत. आत माजघर, पुढे ओसरी, आणि गर्दी झाली की ओसरी मोकळी. घर मोठं करण्यापेक्षा जागेला दोन कामं देणं जास्त शहाणपणाचं.

माणसांचा हिशेब रोजच्या चालण्यातूनही तपासता येतो. सकाळी सहा ते नऊ या वेळेत घरातलं प्रत्येक माणूस कुठून कुठे जातं, याच्या रेघा दोन्ही कागदांवर ओढून पाहाव्यात. ज्या रेघा सारख्या जिन्यावरून जातात, तिथे काहीतरी चुकीच्या मजल्यावर आहे. कपड्यांचंच पाहा. ते बदलले जातात वरच्या खोल्यांत, वाळतात गच्चीवर, आणि वॉशिंग मशीन मात्र सवयीने खालच्या मोरीत ठेवलं जातं. ओल्या कपड्यांची बादली दोन मजले चढवायची हे काम आयुष्यभर कुणाच्या वाट्याला येईल, हे सगळ्यांना माहीत असतं. मशीन वरच्या बाथरूमलगत ठेवलं, तर हा चढ निम्म्याने कमी होतो. भरलेल्या गॅस सिलिंडरचं वजन तीस किलोच्या घरात असतं, त्याची वाट हॉलच्या सोफ्यामधून न जाता बाजूच्या दाराने मोरीतून असावी. भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या माणसाला चपला काढून थेट ओट्यापाशी जाता यावं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना बाजूने येता-जाता यावं, पिण्याचं पाणी वरच्या मजल्यावरही मिळावं, रात्री औषधासाठी जिना उतरावा लागू नये. यांतल्या एकेका गोष्टीला नकाशात एक रेघ लागते. ती रेघ ओढली नाही, तर घरातलं कुणीतरी, बहुधा घरातली बाई, ती उणीव रोज पायांनी भरून काढते. म्हणून नकाशावर बोलताना स्वयंपाक, धुणी आणि आजारपण सांभाळणाऱ्या माणसाचं म्हणणं आधी ऐकावं.

वास्तुशास्त्राचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण अनेक घरांत नकाशा शेवटी तिथेच बदलतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती पाळावी. पण नीट पाहिलं तर वरच्या हिशेबाशी तिचं फारसं भांडण नाही. आग्नेयेचं स्वयंपाकघर सकाळच्या उन्हात न्हातं. नैऋत्येची बाजू जड आणि बंदिस्त ठेवली की दुपारचं ऊन आणि पावसाळी वारा दोन्ही अडतात. ईशान्य मोकळी ठेवली तर कोवळा उजेड आत येतो. भांडण होतं ते ठरलेल्या नकाशावर शेवटच्या आठवड्यात सल्ला घेतल्यामुळे. तेव्हा एक बाथरूम हलवलं की खालची डक्ट चुकते, डक्टबरोबर बीम चुकतो आणि बीमबरोबर जिना. म्हणून ज्या अटी घरच्यांना मोडायच्याच नाहीत, त्या पहिल्याच बैठकीत आर्किटेक्टला लिहून द्याव्यात. तीन-चार अटी असतील तर त्या पाळून उत्तम घर होतं. वीस असतील तर जिना मिळेल त्या फटीत जातो, आणि ते कुठल्याच शास्त्राला मान्य नाही.

हे सगळं आर्किटेक्टचं काम आहे, मग घरच्यांनी डोकं का घालायचं, असंही म्हटलं जातं. आर्किटेक्टला उतार, बीम आणि नियम कळतात. महाराष्ट्रात २०२० साली आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे आपल्या प्लॉटला आणि रस्त्याला किती जागा सोडायची हेही तोच सांगेल, आणि स्थानिक कार्यालयातून त्याची खात्री करून घेणं त्याचंच काम. पण आजोबा रात्री किती वेळा उठतात, धाकटीचा अभ्यास कुठल्या वेळी चालतो, मोठा मुलगा पुढे इथे राहील का, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. या गोष्टी सांगण्याऐवजी आपण त्याला खोल्यांची यादी देतो, आणि तो यादीप्रमाणे खोल्या बसवून देतो. त्याच्याकडे खोल्यांची यादी नेण्याऐवजी घराच्या दिवसाचं आणि पुढच्या वर्षांचं वर्णन न्यावं.

नकाशा तपासायची साधनं घरीच असतात. नकाशाच्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत: सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग, दोन फूट खोल कपाट, टेबल, फ्रिज, दुचाकी. ते कागदावर ठेवावेत आणि प्रत्येक दार उघडताना कशावर आपटतं ते पाहावं. कपाटासाठी सलग भिंत उरते का, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी माणूस जातो का, हे दहा मिनिटांत कळतं. मग दोन्ही मजल्यांचे कागद एकमेकांवर ठेवून जिना हिरव्या, पाणी निळ्या आणि भिंती लाल रंगाने रंगवाव्यात. शेवटी प्लॉटवर जावं आणि फक्कीने खऱ्या मापाची आखणी करून तळमजल्यात फिरावं. आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात दोघी जणी एका वेळी उभ्या राहून पाहाव्यात. जिन्याच्या जागेत पावलं मोजावीत. कागदावर मोठी वाटणारी खोली मोकळ्या आकाशाखाली फार लहान दिसते, एवढं लक्षात ठेवून घाबरू नये. भिंती चढल्या की ती पुन्हा मोठी वाटते. या कामाला दोन-तीन रविवार लागतील. घाई करणाऱ्याला ते जास्त वाटतात, पण पाया खोदल्यावर हलवलेला एक कॉलम सगळ्या कामाला थांबवतो, आणि कागदावर तो खोडरबराने पुसता येतो.

बांधून झाल्यावर बदल करता येतीलच, असं अनेकांना वाटतं. रंग, फरशी, ओट्याचा दगड, अगदी एखादी साडेचार इंची भिंतसुद्धा पुढे बदलता येते. जिना, डक्ट आणि कॉलम बदलत नाहीत. म्हणून नकाशा पक्का करण्याच्या दिवशी या तिघांवर बोट ठेवून प्रत्येकाला एकच विचारावं: तू खाली जिथे आहेस, तिथेच वर आहेस ना? आणि चौथा प्रश्न स्वतःला विचारावा: जिना चढता न येणाऱ्या माणसाची खोली या घरात कुठे आहे? ज्या नकाशात तिला जागा आहे, त्या नकाशावर सही करायला हरकत नाही.